अमेरिकेच्या नॅशनल गार्डमधील अर्धवेळ सैनिक परदेशी सैन्यांना काय शिकवणार? स्टेट पार्टनरशिप प्रोग्रॅमचा खरोखर उपयोग होतो का, आणि एखादा देश त्यात सामील कसा होतो?

प्रश्नाच्या तपशिलात आपण ‘महिन्यातून एक शनिवार-रविवार गणवेश घालणारे लोक’ असे लिहिले आहे. हेच वाक्य मी एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असल्यामुळे उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. मी अनेक वर्षे मेरीलँडच्या एअर नॅशनल गार्डमध्ये सायबर संरक्षणाच्या कामात होते आणि एरवी एका रुग्णालयाचे नेटवर्क सांभाळत असे. या कार्यक्रमात अमेरिकेच्या राज्याच्या गार्डची, म्हणजे त्या राज्याच्या राखीव दलाची, एखाद्या परदेशाच्या सैन्याशी दीर्घकाळासाठी जोडी लावली जाते. मेरीलँडचा भागीदार देश एस्टोनिया, म्हणून माझे उदाहरणही तिथलेच आहे.

एस्टोनियाची राजधानी टॅलिनमधील एका संयुक्त सरावात आम्हाला असा प्रसंग दिला होता की, लष्करी तळाच्या दळणवळणाची मुख्य वाहिनी हल्ल्यात बंद पडते आणि काम पर्यायी वाहिनीवर न्यायचे असते. भिंतीवर लावलेल्या आराखड्यात दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या रंगांत, एकमेकींपासून चांगल्या लांब दाखवल्या होत्या. माझ्यासोबत एस्टोनियाच्या संरक्षण संघातील, म्हणजे तिथल्या स्वयंसेवी दलातील, एक महिला सार्जंट होत्या. दिवसा त्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये नोकरी करत. आराखडा पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “केबल प्रत्यक्ष कुठून जाते ते आधी पाहू या.” आम्ही टॉर्च घेऊन तळघरात उतरलो. निळी पट्टी लावलेली केबल आणि पिवळी पट्टी लावलेली केबल छताला लागून समांतर येत होत्या आणि भिंतीतल्या एकाच पाइपमध्ये शिरत होत्या. दोन्ही पट्ट्यांवर बसवणाऱ्याची आद्याक्षरे एकाच हस्ताक्षरात होती. तो पाइप तुटला असता तर मुख्य आणि पर्यायी, दोन्ही वाहिन्या एकदमच गेल्या असत्या.

ही तपासणी सरावाच्या कार्यक्रमात नव्हती. त्यांना ती सुचली, कारण बँकेत अशा गोष्टी लेखापरीक्षक दरवर्षी विचारतात; आणि मला ती तत्काळ पटली, कारण शस्त्रक्रिया चालू असताना नेटवर्क गेले तर काय होते हे मी नोकरीत पाहिलेले होते. आम्ही दोघींनी रात्री बसून पर्यायी योजना नव्याने लिहिली. निरीक्षक म्हणून आलेले आमच्याच देशाचे, नियमित सेवेतील एक अधिकारी मात्र नाराज झाले. त्यांच्या मते आम्ही सरावाची चौकट सोडली होती, आणि अहवालात सहभागींची संख्या व प्रशिक्षणाचे तास एवढेच अपेक्षित होते. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी आपल्या प्रश्नातले ते वाक्य ऐकवले आणि पुढे म्हणाले की, राखीव दलांची भागीदारी छायाचित्रे आणि मेजवान्या यांपुरती ठीक आहे, खरे प्रशिक्षण नियमित ब्रिगेडच देतात.

मला हे तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. नियमित सेवेतील अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याने जोडलेली माणसे त्याच्या जागी येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून ओळखून घ्यावी लागतात. गार्डमधील माणूस मात्र वीस वर्षेही एकाच राज्यात, बहुधा एकाच तुकडीत राहतो. टॅलिनच्या त्या सार्जंट पुढे मेरीलँडला आल्या, आमच्या सरावात त्यांनी गट सांभाळला, आणि नंतर मला एखादी शंका आली की मी थेट त्यांनाच विचारत असे. हा विश्वास कोणत्याही ब्रिगेडला एका फेरीत मिळत नाही. मिनेसोटाचे गार्ड आणि नॉर्वेचे होमगार्ड, म्हणजे तिथले राखीव दल, 1974 पासून एकमेकांकडे सैनिक पाठवत आले. औपचारिक भागीदारी 2023 मध्ये झाली, पण ती होण्याआधीच दोन पिढ्यांची ओळख तयार होती. इलिनॉयचे गार्ड आणि पोलंड यांची भागीदारी 1993 ची आहे, आणि पुढे इलिनॉयच्या सैनिकांनी इराक आणि अफगाणिस्तानात पोलिश तुकड्यांबरोबर राहून काम केले.

शिवाय भागीदार देशांचे स्वतःचे सैन्य कसे आहे, हे त्या अधिकाऱ्यांनी लक्षातच घेतले नाही. एस्टोनियाची लोकसंख्या 13 लाखांच्या आसपास आहे. त्या देशाचे संरक्षण मुख्यतः सक्तीची सेवा करून घरी गेलेल्या राखीव सैनिकांवर आणि स्वयंसेवकांवर उभे आहे. 2024 मध्ये व्हर्जिनियाशी जोडला गेलेला फिनलंडही तसाच. नोकरी सांभाळून सराव कसा करायचा, मालकाकडून रजा कशी मिळवायची, वर्षभर विखुरलेली माणसे एका हाकेवर कशी गोळा करायची, हे प्रश्न त्यांना रोज पडतात, आणि ते ज्याने स्वतः सोडवले आहेत असा माणूस गार्डमध्येच भेटतो. 2007 च्या एप्रिलमध्ये एस्टोनियातील बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळांवर सायबर हल्ले झाले तेव्हा बचावात खाजगी क्षेत्रातील तंत्रज्ञांचा मोठा वाटा होता. त्या अनुभवातूनच तिथल्या संरक्षण संघात सायबर विभाग उभा राहिला.

या कार्यक्रमाच्या सुरुवातीलाही राखीव दल नाइलाज म्हणून निवडलेले नव्हते. 1993 मध्ये मेरीलँड-एस्टोनिया, मिशिगन-लाटविया आणि पेनसिल्व्हेनिया-लिथुएनिया अशा जोड्या ठरल्या तेव्हा बाल्टिक देशांत रशियन सैन्य अजून होते. लाटविया आणि एस्टोनियातून ते 1994 च्या ऑगस्टअखेर बाहेर पडले. अशा वेळी नियमित अमेरिकी सैन्य तिथे पाठवणे रशियाला डिवचणारे ठरले असते. पूर, आग आणि बचाव यांतही काम करणारे गार्ड पाठवणे तुलनेने सौम्य होते. आज या कार्यक्रमात शंभराहून अधिक देश आहेत.

काही गोष्टी मात्र माझ्या मताविरुद्ध जातात, आणि त्या नोंदवायला हव्यात. नायजर 2017 पासून इंडियानाचा भागीदार होता; तिथे 2023 च्या जुलैमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि 2024 मध्ये अमेरिकी सैन्याला तो देश सोडावा लागला. व्यक्तींमधील विश्वास राजकारणाला बांध घालू शकत नाही. युक्रेनच्या बाबतीतही श्रेय जपून द्यावे लागते. 1993 पासूनचा कॅलिफोर्नियाचा संबंध हवाई दलाच्या कामात उपयोगी पडला हे खरे; परंतु पश्चिम युक्रेनमधील याव्होरिव्हच्या प्रशिक्षण केंद्रात ज्या गार्ड तुकड्या आळीपाळीने गेल्या, त्या या भागीदारीतून नव्हे, तर अमेरिकी भूदलाच्या स्वतंत्र मोहिमेखाली गेल्या होत्या. भेटी अनेकदा जेमतेम आठवडाभराच्या असतात, आणि मोठी शस्त्रास्त्रे हाताळण्याचे सलग प्रशिक्षण तेवढ्यात होत नाही. तिथे नियमित ब्रिगेडच हवी, हे मी त्या अधिकाऱ्यांनाही सांगितले होते.

सामील होण्याची रीत थोडक्यात अशी: इच्छुक देश तिथल्या अमेरिकी दूतावासामार्फत विनंती करतो, त्या प्रदेशाची जबाबदारी असलेले अमेरिकी लष्करी कमांड ती तपासते, अमेरिकी परराष्ट्र खात्याची संमती लागते, आणि गार्डचे केंद्रीय कार्यालय असलेले नॅशनल गार्ड ब्यूरो राज्यांकडून प्रस्ताव मागवून जोडी सुचवते. हवामान, भूगोल, आपत्तींचे स्वरूप, त्या राज्यात स्थायिक झालेला समाज, असे बरेच काही त्यात पाहिले जाते.

आपण अभ्यासासाठी विचारत असाल, तर वर्षभरात किती कार्यक्रम झाले हा आकडा मागून थांबू नका. तो नेहमी भरघोसच मिळेल. पहिल्या वर्षाच्या उपस्थितिपटावरील किती नावे पाच वर्षांनंतरच्या पटावरही आहेत, आणि सरावात सापडलेली त्रुटी पुढच्या सरावापूर्वी दुरुस्त झाली का, हे विचारा. टॅलिनच्या त्या तळघरातली दुसरी केबल पुढे वेगळ्या मार्गाने नेली गेली. त्या अधिकाऱ्यांच्या अहवालात अशा गोष्टींसाठी रकानाच नव्हता, आणि तो नसताना ‘या भागीदारीचा उपयोग दिसत नाही’ असा निष्कर्ष काढायला त्यांच्याकडे काहीही आधार नव्हता.