'फ्लॅश इन द पॅन'मधला पॅन नेमका कुठला?

क्षणभर भपका, पुढे काहीच नाही, अशा गोष्टीला इंग्रजीत 'फ्लॅश इन द पॅन' म्हणतात. यातला पॅन नदीतल्या वाळूतून सोनं वेगळं करण्याचा की स्वयंपाकघरातला, असा प्रश्न आहे. दोन्ही नाही, तो बंदुकीचा आहे. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली ती १८४८-४९ मध्ये. इंग्रज नाटककार एल्काना सेटलने त्याच्याच काळातल्या जॉन ड्रायडनच्या नाटकांवर तोंडसुख घेताना हे शब्द वापरले ते १६८७ मध्ये. तारखा बघितल्या की सोन्याची गोष्ट निकालात निघते, तरी ती पसरतेच.

गारगोटीच्या ठासणीच्या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असते: मुख्य दारू नळीत आणि चिमूटभर बाहेरच्या छोट्या वाटीत. ही वाटी म्हणजे पॅन, त्यातली दारू म्हणजे आपली 'रंजक'. दोन्हींमध्ये जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं भोक, म्हणजे कान. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते. ही पट्टीच वाटीचं झाकण असते. ती पुढे उलटते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक भपकन पेटते आणि आग कानातून आत जाते.

ती आत गेली नाही तर? डोळ्यांसमोर लखलखाट, धूर, पण गोळी जागच्या जागी. बहुतेकदा दोष कानाचा असतो. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळूनही काजळी आणि धूर होऊन उरतो, त्यामुळे थोड्या बारांतच भोक बुजतं. म्हणून ब्रिटिश शिपायाच्या पट्ट्याला तारेचा टोचा आणि ब्रश लटकत असे. नळीतली दारू सर्दावली असली, किंवा गडबडीत ती भरायचीच राहिली, तरी हाच प्रकार. मात्र भपका झाल्याबरोबर नळीचं तोंड भलतीकडे फिरवायचं नाही. कधी कधी बार उशिरा उडतो. त्याला 'हँग फायर' म्हणतात, आणि 'रखडणे' या अर्थी तो वाक्प्रचारही इंग्रजीत आहे. या दोन्हींची गल्लत नको.

मूळ अर्थ 'गाजावाजा झाला, काम झालंच नाही' असा. आज मात्र एकदाच चमकून विझलेल्या यशालाही हेच म्हणतात. भाषांतरात 'फुसका बार' पहिल्या अर्थाला चालेल. एका मोसमापुरत्या गाजलेल्या क्रिकेटपटूसाठी मी 'तेरड्याचा रंग तीन दिवस' घेईन. 'नव्याचे नऊ दिवस' इथे नको. त्यात लोकांचं कौतुक ओसरतं, माणसाची करामत नव्हे.