मोटर नंतर, आधी हल (बोटीचं धड)

वेग वाढवायला मॉडेल बोटीची मोटर मोठी घेऊ का, असं विचारलंत. सध्या तरी नका घेऊ. पाणी बोटीला मुख्यतः दोन प्रकारे अडवतं: अंगाला घासून आणि लाटा उठवून. हळू चालताना घर्षण जास्त. वेग वाढला की लाटांचा विरोध झपाट्याने चढतो. पाण्यात १ मीटर लांब बसणारी साधी बोट सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास आपल्याच लाटेत अडकते. नागपूरच्या फुटाळा तलावावर वारा पडलेला असताना बाजूने बघा: एक लाट नाळेशी (बोटीच्या पुढच्या टोकाशी), दुसरी थेट मागच्या टोकाशी दिसली, की समजा हद्द आली. तिथून पुढे मोटर फक्त बॅटरी खाते. ही हद्द पुढे न्यायची तर लांब, निमुळता हल घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- छोटा प्रोपेलर भन्नाट फिरवणं. जागा असेल तेवढा मोठा, कमी फेऱ्यांचा बरा.
- तो पुरेसा न बुडवणं. हवा ओढली की जोर गेलाच.
- शाफ्टवरचं (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यावरचं) शेवाळ न काढणं. (आपल्या तलावांत हे रोजचंच!)

फ्रूड नंबरची (बोटीचा वेग आणि लांबी यांचं नातं सांगणाऱ्या आकड्याची) गणितं सध्या राहू द्या. हलचे फोटो आणि वजन तेवढं कळवा, मग प्रोपेलरचा व्यास ठरवू.