बाबांची मेलानोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग) इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) सुरू आहे; जेवणात फायबर वाढवावं का?

हो, पण ताटातून वाढवा, प्रोबायोटिकच्या (जिवंत उपयुक्त जीवाणूंच्या) कॅप्सूल स्वतःहून देऊ नका. 2021 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या मेलानोमाच्या अभ्यासात रोज किमान 20 ग्रॅम फायबर खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, त्यातही प्रोबायोटिक न घेणाऱ्यांचा सर्वाधिक. हे निरीक्षण आहे, हमी नाही. आतड्यातले जीवाणू फायबरचे हे तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि ती रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम करतात.

इंदूरकरांचे सकाळचे पोहे सुटणार नाहीत, सुटायलाही नकोत. फक्त शेवेऐवजी मटकीची उसळ घाला, रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. हळूहळू वाढवा.

जुलाब लागले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इम्युनोथेरपीच्या औषधांनी आतड्याला सूज येऊ शकते.