शिमोद्यातलं ते वर्ष

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

परदेशातल्या पहिल्याच नेमणुकीत महिने वाया चालले, कुणी धड भेटही देत नाही, असं तू कळवलंस. तुला टाउनसेंड हॅरिसची गोष्ट सांगायलाच हवी.

हा न्यूयॉर्कचा चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी. ऑगस्ट १८५६ मध्ये अमेरिकेचा कॉन्सल जनरल म्हणून तो जपानमधल्या शिमोदा बंदरात उतरला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना तो नकोच होता. शेवटी ग्योकुसेन्जी या बौद्ध मंदिरात त्याला जागा मिळाली. त्याचं बोलणं हेन्री ह्यूस्केन डचमध्ये सांगायचा, मग जपानी दुभाषे ते आपल्या भाषेत न्यायचे. पुढे वर्षभर एकही अमेरिकी युद्धनौका तिकडे फिरकली नाही. आजारपण, एकटेपणा, आणि अधिकाऱ्यांशी त्याच त्या वाटाघाटी. पण त्याच वर्षात त्याने त्यांचा विश्वास कमावला. डिसेंबर १८५७ मध्ये एदोला (आजचं टोकियो) शोगुनसमोर, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशासमोर, तो उभा राहिला, त्यामागे ही पुण्याई होती.

४ सप्टेंबर १८५६ ची त्याची नोंद जरूर वाच. मोठाल्या डासांनी आणि मनातल्या खळबळीने रात्री झोप नाही. दुपारी झेंडा चढवला, आणि त्याच दिवशी स्वतःला विचारलं: यात जपानचं खरंच भलं आहे का? हा प्रश्न तूही रोज विचारत जा.

हॅरिसने जपानशी केलेल्या २९ जुलै १८५८ च्या व्यापार करारात अफूच्या आयातीवर बंदी आहे. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात होती तो हा काळ, म्हणून हे कलम मला फार मोलाचं वाटतं. पण चीनवर चालून गेलेल्या ब्रिटिश-फ्रेंच आरमाराची भीती दाखवूनच हॅरिसने सही मिळवली. अमेरिकी आरोपीवर खटला अमेरिकी कॉन्सलसमोर चालणार, जकातीचे दर जपानने एकट्याने ठरवायचे नाहीत, हेही त्यातच आलं. जकातीचा पूर्ण अधिकार परत मिळायला जपानला १९११ उजाडलं. सभ्य माणसाच्या हातूनही असा अन्याय होतो, हे विसरू नकोस.

जानेवारी १८६१ मध्ये ह्यूस्केनचा खून झाला. बाकीचे राजदूत एदो सोडून योकोहामाला गेले. हॅरिस मात्र हलला नाही. त्याच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पुढच्या पत्रात कचेरीतल्या तक्रारी थोडक्यात उरक. तिथल्या बाजारात काय महाग झालंय, शेजारी कशाची काळजी करतात, ते सविस्तर लिही.

तुझा,
काका