वाचकांचे प्रश्न : ओबो आणि बासून वाजवणाऱ्यांसाठी संधी

ओबो आणि बासून या दुहेरी रीडच्या, म्हणजे तोंडाशी वेताच्या दोन पातळ पात्या जोडून फुंकून वाजवायच्या, वाद्यांचे शिक्षण, नोकरी, स्पर्धा आणि प्रवास यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ओबोच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हायोलिन वाजवणाऱ्या मित्रांना ऑर्केस्ट्रांतील जागांच्या जाहिराती सतत दिसतात. मला मात्र महिनोन्महिने एकही दिसत नाही. ओबोच्या जागा निघतच नाहीत, की मी चुकीच्या ठिकाणी पाहतो आहे?

दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक तीसच्या आसपास असतात, तर ओबोवादक आणि बासूनवादक प्रत्येकी दोन ते चार. त्यातील एखाद्याने जागा मिळवली की तो अनेकदा निवृत्त होईपर्यंत ती सोडत नाही. त्यामुळे एका विशिष्ट ऑर्केस्ट्रातील प्रमुख ओबोची जागा एका पिढीत एकदाच रिकामी होणे हे मुळीच नवल नाही. जो एकाच शहराकडे किंवा एकाच ऑर्केस्ट्राकडे डोळे लावून बसतो, त्याला जाहिरात दिसणार नाही. जो अनेक देशांतील जागांवर नजर ठेवतो, त्याला त्या नियमितपणे दिसतात.

त्या कोठे पाहाव्यात, हेही सांगतो. जगभरातील ऑर्केस्ट्रांच्या रिकाम्या जागा, स्पर्धा आणि उन्हाळी अभ्यासवर्ग ‘म्युझिकल चेअर्स’ या संकेतस्थळावर वाद्यानुसार पाहता येतात. अमेरिकेतील जागांसाठी तेथील वादकांच्या संघटनेचे ‘इंटरनॅशनल म्युझिशियन’ हे मासिक, तर जर्मन भाषिक देशांसाठी ‘दास ऑर्केस्टर’ हे नियतकालिक पिढ्यान्‌पिढ्या वाचले जात आले आहे. अलीकडे तिकडचे बरेच ऑर्केस्ट्रा ‘मूवाक’ या ऑनलाइन व्यवस्थेतूनच अर्ज स्वीकारतात, म्हणून तेथे आपली माहिती आधीच भरून ठेवावी. या सर्वांहून आपल्या वाद्यांच्या अधिक जवळची संस्था म्हणजे १९७१ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल डबल रीड सोसायटी. तिचे ‘द डबल रीड’ हे नियतकालिक आणि दरवर्षी भरणारे संमेलन यांतून नव्या रचना, नवी वाद्ये, शिक्षकांच्या नेमणुका आणि शिष्यवृत्त्या यांची वार्ता एकत्र मिळते. हे संमेलन बहुधा अमेरिकेत भरते, पण २०१५ मध्ये ते टोकियोला आणि २०२३ मध्ये बँकॉकला झाले, म्हणजे आशियातील वादकांनाही ते अगदीच दूरचे राहिलेले नाही.

जाहिरातींपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट मात्र छापून येत नाही. प्रत्येक ऑर्केस्ट्राजवळ बदली वादकांची एक यादी असते. एखादा वादक आजारी पडला, किंवा एखाद्या रचनेला तिसरा-चौथा ओबो लागला, की त्या यादीतून फोन जातो. बहुतेक वादकांची कारकीर्द जाहिरातीने नव्हे, तर अशा एखाद्या फोनने सुरू होते. त्यासाठी ऑर्केस्ट्रातील वादकांकडे एक-दोन धडे मागून घ्यावेत, आपले वादन त्यांना ऐकवावे आणि बोलावणे आले तर लगेच उभे राहता येईल इतकी तयारी ठेवावी. यात लाचारी काहीच नाही. ज्याचे वादन कोणी ऐकलेच नाही, त्याला कोणी बोलावणार कसे?

प्रश्न : मी बासूनवादक आहे. पहिल्याच निवडचाचणीचे पत्र आले आहे आणि त्यासोबतची वादनांशांची (ऑर्केस्ट्राच्या रचनांतून वाजवून दाखवायच्या तुकड्यांची) यादी पाहून गोंधळून गेले आहे. तयारीची सुरुवात कोठून करावी?

सुरुवात यादीतील संगीतापासून नव्हे, तर पत्रातील बारीक अक्षरांतल्या अटींपासून करावी, असा माझा आग्रह आहे. पहिली अट स्वराच्या उंचीची. काही ऑर्केस्ट्रा ४४० हर्ट्झच्या ‘ए’ स्वराला जुळवतात, तर युरोप खंडातील अनेक ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३ला. बासूनवादकाला यासाठी वेगळ्या लांबीचा बोकल (रीड जिच्यावर बसते ती धातूची वाकडी नळी), तर ओबोवादकाला वेगळ्या मापाची रीड लागू शकते, आणि हा बदल आदल्या रात्री करण्यासारखा नसतो. दुसरी अट वाद्याच्या पद्धतीची. आज जगात बहुतेक ठिकाणी जर्मन पद्धतीचा बासून वाजतो. फ्रेंच पद्धतीच्या बासूनची बोटयोजना आणि नाद दोन्ही वेगळे असतात. ओबोच्या बाबतीत व्हिएन्ना फिलहार्मोनिक आजही स्वतःच्या व्हिएनीज ओबोवर ठाम आहे. पत्रात पद्धत नमूद केली असेल तर ती सूचना नसून अट आहे असे समजावे.

तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि तिच्यावरच मला थोडे थांबायचे आहे. ‘दुसरा बासून, कॉन्ट्राबासूनसह’ किंवा ‘दुसरा ओबो, इंग्लिश हॉर्नसह’ असे शब्द असतील, तर ती जागा दोन वाद्यांची आहे. कॉन्ट्राबासून हा बासूनचा, तर इंग्लिश हॉर्न हा ओबोचा अधिक खालच्या स्वरांचा मोठा भाऊ. कॉन्ट्राबासूनसाठी ब्राम्सची पहिली सिम्फनी, बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीची अखेर आणि रावेलच्या ‘मदर गूज’मधील सौंदर्यवती आणि पशू यांचा संवाद बहुधा विचारला जातो. इंग्लिश हॉर्नसाठी ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीतील संथ भाग, बेर्लिओझचे ‘रोमन कार्निव्हल’ आणि वॅग्नरच्या ‘ट्रिस्टन’च्या तिसऱ्या अंकातील एकट्या वाद्याची दीर्घ धून विचारतात. विद्यार्थिदशेत ही वाद्ये केवळ वर्गाची गरज म्हणून हाती येतात आणि परीक्षा संपताच कपाटात जातात, याचे मला फार वाईट वाटते. बदलीच्या यादीत सगळ्यांत आधी कोणाचे नाव पाहिले जाते, तर ज्याच्याजवळ चांगला कॉन्ट्राबासून किंवा इंग्लिश हॉर्न आहे आणि तो त्याला मनापासून वाजवता येतो, त्याचे. ही वाद्ये अतिशय महाग आहेत हे खरे; पण पुष्कळ संगीत महाविद्यालये आणि ऑर्केस्ट्रा ती स्वतःच्या मालकीची ठेवतात आणि सरावासाठी देतात. मागायला संकोच करू नये.

आता संगीत. पहिल्या फेरीत वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये बहुधा पडदा असतो, आणि वादनाचा आरंभ मोत्सार्टच्या कंचेर्तोने, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेने, होतो. बासूनसाठी तो १७७४ सालचा, म्हणजे मोत्सार्ट अठरा वर्षांचा असतानाचा, के. १९१, आणि ओबोसाठी के. ३१४ (‘के.’ हा मोत्सार्टच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक). कित्येक उमेदवार या कंचेर्तोची पहिली दोन पाने वाजवूनच बाहेर पडतात. म्हणून अवघड वादनांशांवर महिने घालवून मोत्सार्ट शेवटच्या आठवड्यासाठी ठेवणे ही मोठी घोडचूक होय. येथे परीक्षक वेग ऐकत नाहीत. स्वराची शुद्धता, लयीचा भक्कमपणा आणि वाक्य कोठे श्वास घेते, हेच ते ऐकतात.

वादनांशांत बासूनसाठी ‘मॅरेज ऑफ फिगारो’चे प्रास्ताविक, ‘शेहेराजादे’, बेथोव्हेनची चौथी सिम्फनी, चायकॉव्हस्कीची सहावी, ‘बोलेरो’ आणि स्ट्राव्हिन्स्कीच्या १९१३ सालच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’चा आरंभ हे जवळजवळ ठरलेले आहेत. हे सर्व नुसत्या आपल्या ओळीवरून शिकू नये. संपूर्ण स्वरलेख समोर ठेवून ऐकावे, कारण त्या क्षणी खाली कोणती वाद्ये काय वाजवत आहेत हे वादकाच्या मनात असले की ते पडद्याआडूनही ऐकू येते. चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागात जी धून आरंभी ओबो गातो, तीच अखेरीस बासूनकडे येते. ज्या बासूनवादकाने ओबोचे ते गाणे लक्षपूर्वक ऐकले आहे, त्याचे उत्तर वेगळेच उमटते.

रीडविषयी एवढेच सांगतो की एकच उत्तम रीड घेऊन चाचणीला जाऊ नये. अरुंडो डोनॅक्स या वेतासारख्या उंच गवताची रीड हवेतील ओलाव्याला, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला आणि तापमानाला प्रतिसाद देते, आणि प्रवासानंतर ती घरी होती तशी राहत नाही. थोडी जड, थोडी हलकी, खालच्या सप्तकात सहज बोलणारी, वर टिकणारी अशा निरनिराळ्या स्वभावाच्या आणि आधीच वाजवून रुळवलेल्या रीड सोबत असाव्यात. शक्य असल्यास एक दिवस आधी पोहोचावे. निवड झाल्यावरही बहुतेक ठिकाणी परिवीक्षेचा काळ असतो, जर्मनीत तो सामान्यतः वर्षभराचा, आणि त्या काळात सहकारी वादकच मत देतात. म्हणून चाचणीपुरते कौशल्य नव्हे, तर शेजाऱ्याच्या स्वरात स्वर मिसळण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी.

प्रश्न : स्पर्धांत भाग घेण्याचा खर्च आणि श्रम सार्थकी लागतात का? कोणत्या स्पर्धा विशेष मानल्या जातात?

पारितोषिकाच्या आशेने जात असाल तर बहुधा निराशा होईल. वर्षभराच्या शिस्तबद्ध तयारीसाठी जात असाल तर श्रम नक्कीच सार्थकी लागतात. म्युनिकची ए. आर. डी. (जर्मन प्रसारण संस्थांचा संघ) स्पर्धा १९५२पासून आणि प्राग स्प्रिंग स्पर्धा १९४७पासून चालू आहे. पण दोन्हींत वाद्ये आळीपाळीने येतात, त्यामुळे आपले वाद्य कोणत्या वर्षी आहे हे पाहून वयोमर्यादेचा हिशेब आधीच मांडावा लागतो. स्वित्झर्लंडमधील मुरी येथील स्पर्धा ओबो आणि बासून या दोनच वाद्यांसाठी आहे. जपानमध्ये १९८५पासून केवळ ओबोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. डबल रीड सोसायटीच्या संमेलनाशी जोडलेल्या स्पर्धेला फर्नांड गिले आणि ह्यूगो फॉक्स यांची नावे आहेत. पहिले बॉस्टन सिम्फनीचे प्रमुख ओबोवादक, तर दुसरे शिकागो सिम्फनीचे प्रमुख बासूनवादक, ज्यांनी पुढे बासून बनवण्याचा कारखानाच काढला.

विशीच्या आतबाहेर असणाऱ्यांना मी स्पर्धांच्या आधी युवा ऑर्केस्ट्रांकडे पाहायला सांगेन. युरोपियन युनियन यूथ ऑर्केस्ट्रा, क्लाउडिओ अब्बादो यांनी १९८६ साली उभा केलेला गुस्ताव्ह माहलर युवा ऑर्केस्ट्रा, एशियन यूथ ऑर्केस्ट्रा आणि लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९९० साली साप्पोरो येथे सुरू केलेला पॅसिफिक म्युझिक फेस्टिव्हल येथे मोठ्या रचना नामवंत वादकांच्या मार्गदर्शनाखाली वाजवायला मिळतात. प्रवेशाची वादनचाचणी तेथेही कठीणच असते, पण हाती येतो तो प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रात बसण्याचा अनुभव, आणि चाचणीच्या बंद खोलीत तो कमावता येत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे बर्लिन फिलहार्मोनिकच्या १९७२पासूनच्या कारायान अकादमीसारख्या संस्था, जेथे शिष्यवृत्ती घेऊन मूळ ऑर्केस्ट्राच्या वादकांशेजारी बसता येते.

प्रश्न : पुढील शिक्षण परदेशात घ्यायचे आहे, पण शुल्क परवडणारे नाही. काही मार्ग आहे का?

आहे. फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था १९२८पासून विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही. तिथे विद्यार्थी ऑर्केस्ट्राच्या गरजेएवढेच घेतले जात असल्याने ओबो-बासूनच्या जागा अगदी मोजक्या असतात. एखादा विद्यार्थी बाहेर पडला तरच एक जागा उघडते. येल विद्यापीठाच्या संगीत विभागातही शिक्षणशुल्क नाही. जर्मनीतील सरकारी संगीत महाविद्यालये बहुतेक राज्यांत शुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १५०० युरो घेते. राहण्याचा खर्च सर्वत्र वेगळा धरावा. संस्थेच्या नावापेक्षा शिक्षक निवडावा, आणि अर्जाआधी त्यांना पत्र लिहून पुढील वर्षी त्यांच्या वर्गात जागा आहे का, हे सरळ विचारावे.

प्रश्न : माझ्याकडे हेकेल या जर्मन कारखान्याचा जुना बासून आहे, त्याच्या वरच्या तोंडाला पांढरे हस्तिदंती कडे आहे. तो घेऊन परदेशी चाचणीला जाता येईल का?

कागदपत्रांशिवाय नेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. आफ्रिकी हत्तीच्या दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटिस या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील जागतिक कराराने कडक बंधनात ठेवला आहे, आणि सीमेवर वाद्य जप्त होऊ शकते. कडे खरोखर हस्तिदंताचे आहे की प्लॅस्टिकचे, हे आधी जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. हस्तिदंत निघाल्यास आपल्या देशातील साइटिस अधिकाऱ्यांकडून संगीतवाद्याचे प्रमाणपत्र घेता येते. ते अनेक प्रवासांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे चालते. मात्र काही देशांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. अनेक वादक कारागिराकडून ते कडे काढून दुसऱ्या साहित्याचे बसवून घेतात, आणि नियमित प्रवास करणाऱ्यासाठी मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. ओबोवादकांची काळजी आता बरीच कमी झाली आहे. ओबो ज्यापासून बनतो ते ग्रेनॅडिला लाकूड २०१७च्या जानेवारीत साइटिसच्या यादीत आले होते, पण तयार संगीतवाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरपासून त्यातून सूट मिळाली आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला बासूनच हवा आहे. तिची बोटे पोहोचत नाहीत. थांबावे का?

थांबू नये. लहान हातांसाठी उंच स्वरातले छोटे बासून मिळतात. गुंट्राम वोल्फ यांच्या कार्यशाळेने अशी वाद्ये मुलांसाठी मुद्दाम घडवली. त्यांवरची बोटयोजना पुढे मोठ्या बासूनवर उपयोगी पडते. हे वाद्य निवडणारी मुले कमी होत चालल्याची चिंता अनेक देशांत व्यक्त होते. जर्मनीतील संगीत परिषदांनी २०१२ साली बासूनला आणि २०१७ साली ओबोला वर्षाचे वाद्य म्हणून पुढे आणले, ते याच वाद्यांकडे मुलांचे लक्ष वळावे म्हणून. कित्येक शाळा आणि युवा ऑर्केस्ट्रा बासूनवादकाच्या शोधात असतात आणि वाद्य उसने द्यायला तयार असतात. तुमच्या भागातील युवा ऑर्केस्ट्राला आधी विचारा, वाद्य विकत घेण्याचा विचार त्यानंतर करा, आणि रीड कशी हाताळावी हे शिकवणारा शिक्षक पहिल्या दिवसापासून असेल याची खात्री करून घ्या.