भरती, जेटी आणि कॅराव्हॅन: वाचकांचे प्रश्न

कोकण किनाऱ्यावर कॅराव्हॅन घेऊन जाण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं या अंकात. बहुतेक पत्रांत गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या चॅसीवर बांधलेली, साधारण सहा मीटर लांब आणि तीन मीटरच्या आसपास उंच, असंच गृहीत धरलं आहे. उत्तरंही त्याच मापाच्या गाडीसाठी आहेत.

अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत जायचं आहे. नकाशा रोज दोनशे किलोमीटर सहज होतील असं दाखवतो. खरंच होतील का? (पुणे)

नाही. रोजचे ऐंशी ते शंभर धरा. मुंबई-गोवा महामार्गाचा हिशेब किनारी रस्त्याला लागू होत नाही. इथे दर काही किलोमीटरवर वाडी येते, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतात आणि समोरून एसटी आली की कोणीतरी मागे घ्यावंच लागतं. ते तुम्हीच घ्या. एसटीच्या ड्रायव्हरला पुढे किती जागा आहे ते पाठ असतं.

वेळ खरा जातो तो खाड्यांवर. या वाटेवर चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. बोटीवरचा प्रवास थोड्या मिनिटांचा असतो, पण बोट चुकली की तासभर जेटीवर. शनिवार-रविवारी रांग वेगळी. एका दिवसात दोनपेक्षा जास्त खाड्या ओलांडायचं ठरवू नका.

फेरीत चढताना आमच्या गाडीचा मागचा भाग घासला आणि सांडपाण्याच्या टाकीचा कॉक तुटला. ड्रायव्हरची चूक की गाडीची? (कोल्हापूर)

बहुधा वेळेची. जेटी म्हणजे पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार. भरतीला बोट उताराच्या वरच्या टोकाशी लागते आणि तिची गाड्या चढवायची फळी जवळजवळ आडवी पडते. ओहोटीला बोट खाली जाते. मग गाडी आधी उतारावरून खाली आणि लगेच फळीवरून वर, अशी खोलगट खाचेतून जाते. त्या खाचेत पुढचा बंपर टेकला नाही तरी मागची शेपटी टेकते.

तुमची शेपटी किती लांब आहे ते घरीच मोजून ठेवा. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथपासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर दीड मीटर आणि त्या टोकाखाली जमिनीपासून मोकळी जागा २५ सेंटिमीटर असेल, तर गाडी जेमतेम साडेनऊ अंशांचा कोन सोसते. म्हणजे सहा फुटांत एक फूट चढ. पूर्ण ओहोटीला जेटी आणि फळी मिळून याहून मोठा कोन सहज होतो. त्यातून सांडपाण्याची टाकी, तिचा कॉक आणि पायरी मागच्या चाकांच्या मागे बसवलेली असेल तर पहिला घाव त्यांच्यावरच.

उपाय: चढण्याआधी पायरी मिटवा, टाकी रिकामी ठेवा, प्रवाशांना उतरवा. जाड सागवानी किंवा साध्या लाकडाच्या फळ्यांचे दोन-तीन तुकडे बरोबर ठेवा. शेपटी टेकेल असं वाटलं की मागच्या चाकांखाली ते घालून चाकं पाच-सहा सेंटिमीटर उचलून घ्या. पहिल्या गियरमध्ये, क्लच न घसरवता, एका चालीत चढा. ओहोटीला उघड्या पडलेल्या उतारावर शेवाळ असतं, तिथे थांबून पुन्हा निघायला गेलात तर चाक जागीच फिरेल. बोटीवर हँडब्रेक ओढलेला, गाडी गियरमध्ये आणि गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. जेटीवरच्या माणसाला गाडीची लांबी आणि वजन आधी सांगा. तो गाडी कुठे उभी करायची ते बोटीचा तोल पाहून ठरवतो.

भरती-ओहोटीचं कोष्टक हाताशी नसेल तर? (नाशिक)

कॅलेंडर पुरतं. तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण मध्यान्ह. शुक्ल आणि कृष्ण पक्षाला एकच हिशेब. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांच्या थोडी पुढे. यात तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे जेटीसाठी हे पुरेसं आहे, पोहण्यासाठी नाही.

यातूनच सहलीच्या तारखा ठरवता येतात, आणि हे फार कमी लोक करतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी दुपारी खूप चढतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खूप ओसरतं. सूर्यास्ताला गुहागर किंवा दिवेआगरची पुळण लांबरुंद, ओली, आरशासारखी हवी असेल तर हेच दिवस. पण त्याच संध्याकाळी फेरी सर्वांत अवघड. म्हणून उधाणाच्या दिवसांत खाडी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान ओलांडा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी. तेव्हा दुपारच्या ओहोटीलाही जेटी तेवढा त्रास देत नाही. मात्र सूर्यास्ताला भरती असल्यामुळे काही किनाऱ्यांवर चालायला अरुंद पट्टीच उरते.

दोन ठिकाणं तर वेळ पाहूनच करावीत. हेदवीची बामणघळ भरतीलाच पाहायची; ओहोटीला ती नुसती खडकातली भेग असते. लाटेचं पाणी घळीत घुसून वर उसळतं, म्हणून काठापासून मागे, कोरड्या खडकावर उभे राहा. ओला खडक म्हणजे लाट तिथवर आली होती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच्या उलट: फक्त ओहोटीला, आणि पाणी चढायला लागायच्या आत परत. त्या वाटेवर लाटांनी माणसं ओढून नेली आहेत.

गाडी थेट वाळूवर उभी करून मुक्काम करता येईल का? फोटोंत तर सगळेच करतात. (छत्रपती संभाजीनगर)

फोटोत नंतर गाडी ओढायला आलेला ट्रॅक्टर दिसत नाही. किनाऱ्यावर वाहन उतरवायला बंदी असते, पर्यटनस्थळांवर दंडही होतो. नियम बाजूला ठेवला तरी साडेतीन-चार टनांची मागच्या चाकांवर चालणारी गाडी वाळूसाठी नाहीच. ओली वाळू कडक वाटते, पण ती फक्त वरची कातडी. गाडी उभी राहिली की प्रत्येक लाट चाकाखालची वाळू ओढून नेते आणि दहा मिनिटांत चाक निम्मं आत. सुरूच्या बनातली जमीनही फसवी असते: वर सुयांचा गालिचा, खाली भुसभुशीत वाळू. चाक टाकण्याआधी टाच मारून पाहा. टाच दोन बोटांपेक्षा जास्त रुतली तर गाडी डांबरावरच ठेवा.

रुतलीच तर पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडा. चाक फिरवून गाडी कधीच बाहेर येत नाही, ती पोटावर बसते. सगळ्यांना उतरवा, पाण्याची टाकी सोडा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. चाकांच्या मागची आणि पोटाखालची वाळू हाताने किंवा थाळीने काढा. मागच्या चाकांतली हवा एक तृतीयांश कमी करा, म्हणजे साठ पीएसआय असेल तर चाळीस. जोडचाकं असतील तर आतल्या चाकाचीही. तिथेच लोक विसरतात आणि सगळा भार एका टायरवर जातो. मग गोणपाट किंवा झावळ्या चाकाच्या मागे घट्ट दाबून, आलेल्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये हळू निघा. पुढे जायचा मोह टाळा, पुढची वाळू तुम्ही तपासलेली नाही.

ट्रॅक्टर बोलावलात तर दोर चॅसीच्या हुकालाच. बंपरला किंवा अ‍ॅक्सलला नाही. दोरावर ओली गोणी टाका, तुटला तर फटका कमी बसतो. बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. डांबरावर आल्यावर हवा भरूनच वेग घ्या. खारं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत पोचलं असेल तर पुढच्या गॅरेजमध्ये बेअरिंगचं ग्रीस पाहून घ्या.

मग रात्री थांबायचं कुठे? (ठाणे)

महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं, पण किनाऱ्यावर सगळीकडे कॅराव्हॅनचे तळ आहेत असं समजू नका. गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, कुणकेश्वर, तारकर्ली इथे पर्यटन महामंडळाचे निवास आहेत. गाडी लावायला मिळेल का हे आधी फोन करून विचारा. बाकी ठिकाणी घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांचं अंगण हाच उत्तम तळ. एक खोली घेतलीत तर न्हाणीघर, पाणी आणि वीज यांचा प्रश्न एकदम सुटतो, आणि जेवणही चुलीवरचं.

फोनवर विचारायचं ते असं: फाटक तीन मीटर रुंद आहे का, वरून जाणारी वायर किती उंच, अंगण मुरमाचं की वाळूचं, पंधरा अँपिअरचा प्लग आहे का. आणि माडाखाली गाडी लावू नका. नारळ तर पडतोच, पण सुकलेली झावळी सोलर पॅनेलवर पडली तरी काच जाते. मालवणजवळ देवबागला खाडी आणि समुद्रामधली जमिनीची पट्टी निमुळती होत जाते आणि रस्ताही. मोठी गाडी तारकर्लीला ठेवून पुढे रिक्षाने जा.

बॅटरीवर रात्रभर एसी चालेल का? (नागपूर)

बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी वापरण्यालायक सुमारे हजार वॉट-तास देते. एक टनाचा छतावरचा एसी हजार ते बाराशे वॉट खातो, त्यावर इन्व्हर्टरचा तोटा. म्हणजे तासभरसुद्धा नाही. वीस वॉटचे दोन पंखे नऊ तास, छोटा फ्रिज आणि दिवे मिळून साडेसहाशे वॉट-तासांत रात्र निघते. डिसेंबर-जानेवारीत पंखा पुरतो; एप्रिलचा दमटपणा एसीशिवाय सोसणार नाही, तेव्हा बाहेरची वीजच लागेल.

ती घेताना केबल २.५ चौरस मिलिमीटरची आणि पूर्ण उलगडलेली असू द्या. गुंडाळी तशीच ठेवली तर तापून वितळते. संध्याकाळी गावातला दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो आणि ट्रिप होतो. त्याला पुन्हापुन्हा चालू करू नका, रात्री अकरानंतर लावा. गाडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग लगेच काढा, अर्थिंग नाही.

पाणी आणि संडासाची टाकी? (सांगली)

पाणी माणशी रोज पंधरा-वीस लिटर. मार्चनंतर किनाऱ्याच्या विहिरी मचूळ होतात, म्हणून टाकीत भरण्याआधी चव घ्या. पिण्याचं वेगळं ठेवा. संडासाची पेटी यजमानाच्या परवानगीने त्यांच्या शौचालयातच ओता आणि तीव्र रसायन घातलं असेल तर तिथेही नको, त्यांच्या टाकीतले जिवाणू मरतात. पऱ्ह्यात (ओढ्यात), आगरात (माडांच्या बागेत) किंवा किनाऱ्यावर अजिबात नाही.

वेळासला कासवं पाहायची आहेत. गाडी किती जवळ नेता येईल? (मुंबई)

गावातच ठेवा आणि चालत जा. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. पिल्लू उजेडाकडे चालतं. मागून हेडलाइट किंवा कॅराव्हॅनचा बाहेरचा पट्टीदिवा दिसला तर ते समुद्राकडे पाठ फिरवतं. आदल्या दिवशी यजमानाला विचारा. घरट्यातून पिल्लं आलीच नाहीत तर त्या दिवशी काही दिसत नाही, आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

परतल्यावर गाडी गंजू नये म्हणून काय करावं? (सातारा)

घरी पोचेपर्यंत थांबू नका. दर दोन-तीन दिवसांनी गोड्या पाण्याने खालून धुवा: चाकांच्या कमानी, चॅसीचे कोपरे, पायरीची बिजागरी, स्पेअर व्हीलचा स्क्रू. पाण्याचा जोर कमी पण वेळ जास्त, म्हणजे मीठ विरघळतं. जोराचा फवारा ते सांध्यांत आणखी आत ढकलतो. धुतल्यावर दोन-तीन किलोमीटर चालवून ब्रेक वाळवा. बॅटरीच्या टोकांना आणि बाहेरच्या विजेच्या जोडांना ग्रीस लावा. खिडक्यांच्या रुळांतली वाळू ब्रशने काढल्याशिवाय काच सरकवू नका, ओरखडे जात नाहीत.

पुढे गोव्यात आणि केरळात असंच जाता येईल? (बेळगाव)

गोव्यात किनाऱ्यावर गाडी उतरवणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं या दोन्हींवर दंड आहे, त्यामुळे चूल गाडीतच. वाळूवर गाडी चालवायची हौस असेल तर ती कण्णूरजवळच्या मुळप्पिलंगाड किनाऱ्यावर भागवा. तिथे वाहनांना परवानगी आहे आणि ओहोटीला वाळू कडक असते. तरीही कॅराव्हॅन वर ठेवून छोट्या गाडीने उतरा, आणि थांबलात तर इंजिन बंद करण्याआधी चाकाखाली एकदा पाहून घ्या.