लोड येणार हे आधीच कळतंय, मग ते ९० सेकंद वापरायचे कसे?

तुमचा प्रॉब्लेम मला समजला तो असा. भोसरीतला पेंट शॉपचा बेकिंग ओव्हन, सेटपॉइंट (ठरवलेलं तापमान) १८० डिग्री, जड जॉबचा लॉट आत शिरला की तापमान १२-१५ डिग्री पडतं, पीआयडी (तापमानातली चूक बघून बर्नर कमी-जास्त करणारा कंट्रोलर) कितीही टाइट केला तरी एकतर तेवढंच पडतं नाहीतर हंटिंग (तापमान सारखं वर-खाली होणं) सुरू होतं, आणि कन्व्हेयरवर बारकोड असल्यामुळे किती वजनाचा लॉट येतोय हे पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरला) ९० सेकंद आधीच कळतं.

सगळ्यात आधी ट्यूनिंग थांबवा. तापमान पडलेलं दिसल्याशिवाय पीआयडी हलतच नाही, आणि बर्नर वाढवल्यापासून थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या सेन्सरला) ते जाणवेपर्यंत ४० सेकंद जात असतील तर त्या ४० सेकंदांत कुठलाच गेन (चुकीला पीआयडी किती जोरात उत्तर देतो तो आकडा) तुम्हाला वाचवू शकत नाही. तुम्हाला फीडफॉरवर्ड पाहिजे, म्हणजे तापमान पडायची वाट न बघता येणाऱ्या लोडवरूनच बर्नर हलवणं, आणि तुमच्याकडे तर त्याहून जास्त आहे, वेळ आहे.

दोन टेस्ट घ्या. एक, लूप मॅन्युअलवर टाकून (म्हणजे पीआयडी बाजूला ठेवून) बर्नर ५ टक्के वाढवा आणि ट्रेंड काढा. दुसरी, बर्नर मॅन्युअलवर तसाच ठेवून जड लॉट आत सोडा (स्क्रॅपचे जॉब घ्या, चांगले वाया घालवू नका) आणि तापमान कसं पडतं ते बघा. समजा पहिल्यात १ टक्क्याला ०.८ डिग्री, डेड टाइम (परिणाम दिसायला लागेपर्यंतचा वेळ) ४० सेकंद, टाइम कॉन्स्टंट (त्यानंतर बदल किती सावकाश होतो तो वेळ) १८० सेकंद आला, आणि दुसऱ्यात ४०० किलोला २० डिग्री, डेड टाइम १०, टाइम कॉन्स्टंट ९० आला. मग बर्नर वाढवायचा २० भागिले ०.८, म्हणजे २५ टक्के. हा आकडा उष्णतेच्या हिशोबानेही ताडून बघा, मी नेहमी बघतो. ४०० किलो स्टील ३० वरून १८० ला न्यायला साधारण २९ मेगाज्यूल लागतात, लॉट २० मिनिटं आत असेल तर सरासरी २४-२५ किलोवॅट, म्हणजे १०० किलोवॅटच्या बर्नरला २५ टक्के बरोबर बसतात, चिमणीतून जाणारं धरलं तर थोडे जास्त. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर टेस्ट परत घ्या, पुढे जाऊ नका.

आता वेळेचं. बर्नरचा परिणाम ४० सेकंदांनी दिसतो, लॉटचा १० सेकंदांनी, म्हणजे बर्नरला लॉटच्या ३० सेकंद आधी हलवावं लागेल. आधी कळत नसतं तर हे ३० सेकंद गेलेच होते, कुठलाही कंट्रोलर ते परत आणू शकला नसता. तुमच्याकडे ९० आहेत, त्यातले ३० इथे खर्च करा.

मग उरलेले ६० कशाला? खरी गंमत इथेच आहे आणि बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. बर्नरचा परिणाम लॉटपेक्षा सावकाश होतो म्हणून सुरुवातीला त्याला जास्त ढकलावं लागतं, लीड (बर्नरचा टाइम कॉन्स्टंट) १८० आणि लॅग (लॉटचा) ९० म्हणजे सुरुवातीचा झटका दुप्पट, २५ च्या जागी ५० टक्के. बर्नर आधीच ६५ वर चालत असेल तर मागणी ११५ ची होते आणि तो १०० ला अडकतो. अडकणार हे माहीतच आहे तर थोडं आधीपासून वाढवायला लागा, ओव्हनमध्ये दोन-तीन डिग्री साठवून ठेवा.

पुण्याच्या खडकवासला धरणाचं उदाहरण घ्या, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं. साठा फक्त १.९७ टीएमसी, आणि वरच्या बाजूच्या धरणांत पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. आवक २० हजार क्युसेक धरली तर दिवसाला १.७३ टीएमसी होते, म्हणजे धरण निम्मं रिकामं असलं तरी साधारण १४ तासांत भरतं. खाली मुठा नदीत एकदम किती सोडता येतं यालाही मर्यादा आहे, भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद करावा लागतो. तिथे पाऊस आल्यावर कितीही हुशारीने दरवाजे हलवले तरी उपयोग नाही, आधी जागा करून ठेवावी लागते. तुमचा बर्नर म्हणजे ती नदी आणि ओव्हनमधली दोन-तीन डिग्री म्हणजे ती जागा, फक्त उलट दिशेने.

पण एक सांभाळा. आधी तापवलं की तापमान १८० च्या वर जाणार, ते बघून पीआयडी बर्नर कमी करणार, आणि तुम्ही दिलेलं तोच काढून घेणार. मी अनेक ठिकाणी लोकांना "फीडफॉरवर्ड काम करत नाही" म्हणताना ऐकलंय, आणि ट्रेंड बघितला की दोघांची भांडणं चाललेली दिसतात. म्हणून सेटपॉइंटलाही तेवढाच उंचवटा द्या, म्हणजे ठरवलेल्या तापमानापासून जे चुकेल तेवढंच पीआयडी दुरुस्त करेल. पेंटला किती वरपर्यंत चालतं ते सप्लायरला विचारूनच हा उंचवटा ठरवा.

दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे. चाकणच्या एका प्लांटमध्ये मी ९० सेकंदांचा टायमर लावला होता, कन्व्हेयर मधेच थांबला, लॉट दाराबाहेरच राहिला आणि बर्नर वेळेवर वाढला, आतल्या लॉटचा रंग पिवळा पडला. तेव्हापासून मी शिफ्ट रजिस्टर (कुठला लॉट कुठपर्यंत आला याची पीएलसीतली यादी) एन्कोडरच्या, म्हणजे कन्व्हेयर किती सरकला ते मोजणाऱ्या सेन्सरच्या, पल्सवर चालवतो, टायमरवर कधीच नाही. कन्व्हेयर थांबला की रजिस्टर थांबतं आणि फीडफॉरवर्ड हळूहळू शून्यावर येतं.

आणि पीआयडी काढू नका, काही जण काढतात. अमेरिकन इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅकने टेलिफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी १९२३ मध्ये आधी फीडफॉरवर्डच शोधला होता, तो चालायचा पण बॅलन्स सारखा जुळवत बसावं लागायचं, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुट बघून चूक दुरुस्त करणं, पीआयडी करतो तेच) त्याला १९२७ मध्ये सुचला. तुमच्या ओव्हनचंही तेच, ब्लोअरचा फिल्टर चोंदला की ते ०.८ बदलणार आणि उरलेला फरक पीआयडीच भरून काढणार.

एमपीसी (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, मॉडेलवरून पुढचं ताडून बर्नर ठरवणारा कंट्रोलर) घ्यावा का असं तुम्ही शेवटी विचारलंय. एका लूपसाठी नको. प्रिव्ह्यू कंट्रोलची (पुढचं आधीच माहीत असताना कंट्रोल कसा करायचा याची) थिअरी, ज्यावर संशोधक टोमिझुका यांनी १९७० च्या दशकात पायाचं काम केलं, तीही हेच दाखवते की लिनिअर सिस्टीम (परिणाम कारणाच्या प्रमाणात) आणि क्वाड्रॅटिक कॉस्ट (चुकीच्या वर्गावर मोजलेली किंमत) असेल तर फीडबॅक गेन आहे तोच राहतो, पुढची माहिती वेगळी येऊन त्यात मिळते, आणि जितकी लांबची माहिती तितकं तिचं वजन कमी होत जातं. त्यामुळे बारकोड अजून मागे नेऊन ९० चे १० मिनिटं करायचा खर्च करू नका. तीन-चार झोन असतील, एकाचा बर्नर दुसऱ्याला तापवत असेल आणि सगळे लिमिटला लागत असतील तर मात्र एमपीसीचा विचार करा.

सुरुवातीला २५ च्या जागी १७-१८ टक्केच द्या, आठवडाभर ट्रेंड बघा, मग वाढवा. दोन्ही टेस्टचे डेड टाइम आणि बर्नर नेहमी किती टक्क्यांवर चालतो ते इथे टाका, किती सेकंद आधी चढवायला लागायचं ते मी काढून देतो.